उघड्या अंगाचा नवस

खरं सांगतो, त्या वर्षी माझा दत्तावर राग होता. नातवाच्या छातीत लहानपणापासून खड्डा. पोरगा वाढला तसा खड्डाही खोल होत गेला, धाप लागायला लागली. सतराव्या वर्षी सुरतेला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी आतून पोलादाची वाकवलेली पट्टी घालून छातीचं हाड वर उचललं. पट्टी दोन-तीन वर्षं आतच राहणार, म्हणाले. छाती चारचौघांसारखी झाली. आणि पोरगा? होता तसाच, म्हणून देवावर तो राग. अंगात दोन शर्ट, खांदे पुढे पाडलेले, पुस्तक छातीशी धरलेलं. मित्र तापीवर पोहायला बोलवायचे तेव्हा नेमकं याचं डोकं दुखायचं. आरशासमोर तिरका उभा राहून बोटांनी छाती चाचपत राहायचा, जसा खड्डा अजून तिथंच आहे. सुनेने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हाड एका दिवसात उचललं, पण इतकी वर्षं लपवायची सवय लागलेली, ती जायला वेळ लागतो. घाई करू नका, टोचून बोलू नका.

मला हे पटेना. मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात बॉयलरवर उघड्या अंगाने जन्म काढला, कसली आली लाज? एकदा जेवताना बोलून गेलो, "खड्डा बुजला, पण तू अजून त्यातच बसेल शे." तो भरल्या ताटावरून उठला. सून चार दिवस माझ्याशी तुटक बोलली.

त्यात माझा नवस. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी सारंगखेड्याच्या दत्ताला बोललो होतो, पोराला सुखरूप बाहेर काढ, यात्रेला त्याला उघड्या अंगाने तुझ्यापुढे उभा करीन, भरलेली छाती तुला दाखवीन. पोराला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

मार्गशीर्षात त्याला घेऊन गेलो आणि रांगेत लागल्यावर नवसाचं सांगितलं. तो पांढरा पडला.

"मी नही काढस, आबा."

मी समजावलं, मग दटावलं, मग त्याच्या शर्टाला हात घातला. देवाला दिलेला शब्द मोडला तर पोरावर काय येईल, ही भीती होती, पण ती त्याला कशी सांगणार? तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली. डोक्यावर गाठोडं, ओळख ना पाळख.

"नवस कोनी मानेल शे, भाऊ?"

"मी."

"मंग पोऱ्याना शर्ट काब वढी ऱ्हायना? सोताना काढ. देवले काय, छाती तर छाती."

नवस माझा, तर शर्टही मी माझाच काढावा, म्हणत होती. लोक हसले. मला चीड आली आणि त्या चिडीतच मी सदरा, बंडी काढली. यात्रेच्या बाजारात घोडे विकायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "बाबाले मार्गशीर्षमा ऊन लागी गयं." थंडी झोंबत होती. खाली पाहिलं तर लोंबलेलं कातडं, मोजता येतील अशा फासळ्या. बॉयलरवर कुणी बघत नव्हतं, इथं सगळे बघत होते. माझे हात आपोआप छातीवर आडवे आले. मी ते हात पाहिले आणि पोराच्या शर्टाचा नाद सोडला.

मूर्तीसमोर पोचलो. तेव्हा पोराने माझा पंजा धरला आणि शर्टावरूनच आपल्या छातीवर दाबून ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून आईलासुद्धा तिथं हात लावू दिला नव्हता. कापडाखाली काहीतरी कडक लागलं, त्याच्याखाली काळीज धडधडत होतं.

"आबा, दखाडा आते," तो म्हणाला, आता दाखवा देवाला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मूर्ती धड दिसलीही नाही.

बाहेर येऊन त्या म्हातारीला शोधलं, पण ती दिसली नाही. कोण होती, मी ठरवत नाही. दत्ताने नवस घेतला, पण माझ्या हुकुमाप्रमाणे घेतला नाही, एवढं मात्र कळलं. दुसऱ्याचं अंग देवाला कबूल करणारा मी कोण?

पोरगा अजून दोन शर्ट घालतो. मला अजून चीड येते. ती गिळतो आणि हात जोडतो, की महाराज, पोरगा जिवंत दिलात, उपकार झाले. त्याने कुणाला काय दाखवायचं आणि केव्हा, ते तुमचं आणि त्याचं. मी मधून बाजूला झालो.