पुठ्ठ्याच्या घरातलं ऊन

आज पंधरा एप्रिल. बैठकीच्या कूलरमध्ये नवा वाळा भरला. आमच्या घरात कूलर लागतो तो याच एका खोलीला. पाणी सोडलं, वाळ्याचा वास आला आणि वर्ध्यात हे घर बांधायला काढलं तो सत्तरच्या दशकातला उन्हाळा आठवला. यजमानांनी बैठक उत्तरेला आणि स्वयंपाकघर पश्चिमेला ठरवून प्लॉटवर चुन्याच्या फक्कीच्या रेघाही मारून घेतल्या होत्या. नागपूरला आर्किटेक्चर शिकणारी पुतणी तेव्हा सुट्टीत आली होती. तिने त्याच नकाशाचं पुठ्ठ्याचं घर केलं, खिडक्या कापल्या, प्रत्येक खोलीत मेणबत्तीचा तुकडा उभा केला आणि भर दुपारी ते प्लॉटवर, खऱ्या दिशा साधून ठेवलं. “बाहुल्यांचं लगन हाय का व?” सासूबाईंनी विचारलं. ऊन कलल्यावर पुतणीने छप्पर उचललं. बैठकीतला तुकडा ताठ होता. स्वयंपाकघरातला वाकून भिंतीला टेकला होता. “काकू, ह्या तुम्ही,” ती त्या वाकलेल्या तुकड्याकडे बोट दाखवत मला म्हणाली. “मंग पाहुण्यायले उन्हात बसवू काय?” यजमान म्हणाले. “पाहुणे चहा पिऊन जातात,” मी म्हटलं, “मले तेथं जलमभर भाकरी थापाच्या हाय.” “सकाळी गवंडी पाया खोदाले येते. आता बदल नाई,” म्हणून ते सायकल काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी यायच्या आत मी प्लॉटवर गेले, खराट्याने जुन्या रेघा झाडून काढल्या आणि स्वयंपाकघराची फक्की उत्तरेला टाकली, बैठकीची पश्चिमेला.