दोन बोटं जागा

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबबाई म्हणत. समुद्राच्या पाण्यात नायट्रेट किती, ब्रोमाइड किती, हे यंत्रावर मोजायचं तिचं काम, आणि एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी तिचा पारा चढायचा. पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा तिचा सख्खा धाकटा भाऊ, होडीवाला. त्याला तिच्या कामाचं भारी हसू यायचं.

"ताई, समुद्रात डोंगराएवढं मीठ पडलंय. ते सोडून तू राईएवढं काय शोधत बसतेस?"

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. मिठातलं क्लोराइड आधी खास गाळणीत अडवलं नाही, तर यंत्राच्या पडद्यावर त्याचाच सुळका उभा राहतो आणि बाकीचं सगळं त्याच्या आड दडून जातं.

भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायच्या, म्हणून वर दोन बोटं जागा सोडायची, कारण पाणी गोठताना फुगतं. हा पठ्ठ्या काठोकाठ भरायचा. मग बाटलीला तडा आणि नमुना वाया.

"अर्धवट भरलेलं बहिणीला द्यायला जिवावर येतं गं," तो म्हणायचा.

शेवटी तिने सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. "पुन्हा फुटली तर मी दुसरा होडीवाला बघेन."

पुढच्या खेपेला त्याने बाटल्यांचा खोका दारातच ठेवला. "बघून घे," एवढंच म्हणाला. तिचा राग उतरला नव्हता. तिने न बघताच खोका फ्रीजरमध्ये ढकलला. तो पुन्हा समुद्रावर गेला आणि खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. तो गेला.

महिनाभराने ती कामावर आली. खोका काढताना तिला मनापासून वाटत होतं, एखादी तरी फुटलेली असू दे. निदान त्याच्यावर चिडता तरी येईल. एकही फुटली नव्हती. प्रत्येक बाटलीवर, तोंडापासून दोन बोटं खाली, त्याने होडीच्या निळ्या रंगाने रेघ ओढली होती. पाणी गोठून रेघेच्या जरा वर आलं होतं आणि नीट मावलं होतं.

तिने ते वितळवलं, गाळलं, यंत्रात सोडलं. नायट्रेटचा लहानसा उंचवटा स्वच्छ उमटला.

"नमुने छान भरलेत," साहेब म्हणाले.

"माझ्या भावाने भरलेत," ती म्हणाली. चारचौघांत त्याचं कौतुक तिने पहिल्यांदाच केलं, आणि ऐकायला तो नव्हता. मग ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली.