मालुबाईचे मोकळे हात

मालुबाईनं एखाद्यावर डूख धरला, की तो माणूस मेला तरी तिच्या तावडीतून सुटत नसे. चुलत दिरानं आपल्या लेकीच्या लग्नात मालुबाईच्या माहेरच्या माणसांना मागच्या पंगतीला बसवलं, एवढ्यावरून ती तो मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या बाराव्याला मात्र वेळेवर हजर झाली, पंगत कशी बसवतात ते बघायला. बेळगावजवळ, हिंडलग्याच्या पलीकडच्या त्या गावात तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

आणि तरी औक्षणाचा पहिला मान तिचाच. कुस्ती मारून आलेला पोरगा असो, मिलिटरीत भरती झालेला असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो, पहिलं ताट मालुबाईच्या हातात आणि तेही तिच्याच पायरीवर. उंचीपुरी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मनगटापासून वर हिरवा चुडा. भावकू, तिचा नवरा, ऐंशीला टेकला होता, पण अजून शेतावर जात होता. असं भरलेलं सौभाग्य ओवाळतंय म्हटल्यावर पुढाऱ्यांनाही बरं वाटे. तिचा मुलगा ओमकार बेळगावात मोटारसायकलींच्या शोरूममध्ये कामाला होता आणि संध्याकाळी पक्षाचं काम करी. आईच्या या मानाचा त्याला तिथं चांगलाच उपयोग होई.

गावात मालुबाईचं कधी वाजलं नाही अशी एकच बाई होती, जैतुनबी मणेर, बांगड्या भरणारी. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. सोळा वर्षांची मालू सासूच्या धाकानं रडूही शकत नव्हती, तेव्हा चुडा भरता भरता जैतुनबीनं तिचा तळवा दाबून धरला होता. बांगड्या मुद्दाम सावकाश भरल्या. तेव्हापासून मालुबाईचा हात दुसऱ्या कुणी धरला नव्हता. गावातल्या साऱ्या बायकांचं तेच. नवऱ्याला सांगता येत नाही, आईला सांगवत नाही, ते हात जैतुनबीच्या गुडघ्यावर ठेवला की आपोआप तोंडातून निघे. ते तिच्याकडून कधी बाहेर गेलं नाही. भरून झालं की बायका बांगड्यांना हळदीकुंकू लावत आणि जैतुनबीच्या पाया पडत. ती मुसलमान आहे हे त्या वेळी कुणाच्या ध्यानातही नसे.

ते ध्यानात आणून द्यायला नागेंद्रराव आले. आमदारकीला उभे होते. गावची लक्ष्मीची जत्रा तोंडावर आलेली, म्हणून देवळापुढंच सभा ठेवली. पुढं बायका, मागं पुरुष, पिंपळाखाली टोपली घेऊन जैतुनबी. गर्दीच्या दिवशी तेवढीच विक्री. साहेब आधी सीमाप्रश्नावर बोलले, मग रस्त्यावर, मग पाण्यावर. दर वाक्यामागं टाळ्या. त्याच ओघात हात वर करून म्हणाले, "आपल्या देवीच्या जत्रेत आपल्या आयाबहिणींचे हात परक्या धर्माच्या हातात कशाला? त्यांची पालं पडू द्यायची नाहीत! त्यांच्याकडून बांगडी भरायची नाही!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालुबाईनंही वाजवल्या, शेजारणी वाजवत होत्या म्हणून. मग साहेब उसाच्या दरावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस स्टॉपवर चार पोरांनी जैतुनबीची टोपली लाथाडली. ओमकार त्यांत नव्हता, पण भाषणाचा व्हिडिओ त्यानंच गावभर पाठवला होता. बातमी कळताच मालुबाई भाकरी तव्यावर टाकून धावली. धुळीत हिरव्या काचांचा सडा पडला होता. तोवर जैतुनबी घराला कुलूप लावून भावाकडं लोंढ्याला निघून गेली होती.

काचा वेचताना मालुबाईचं बोट कापलं. ते तोंडात धरून ती तिथंच बसली आणि तिच्या डोक्यात संतापाची तिडीक उठली. "येऊ दे त्या साहेबाला. माझ्याच पायरीवर येऊ दे."

शेजारच्या घरची सून प्रियदर्शनी, शाळेत शिकवणारी, म्हणाली, "काकू, त्यांना बांगड्यांचा आहेर करू या. पेपरात येईल."

"खुळी हाईस का गं?" मालुबाई तडकली. "जैतुनाक्काची बांगडी शिवी म्हणून द्यायची? त्येची लायकी तरी हाय का तिला हात लावायची?"

तिच्या मनात वेगळंच होतं. साहेबांची प्रचारफेरी दुसऱ्याच दिवशी गल्लीत यायची होती, म्हणून दुपारभर ती घरोघर फिरली. बायका ऐकून हादरल्या. सवाष्णीनं आपल्या हातानं बांगड्या उतरवायच्या? नवऱ्याच्या जिवाला काही झालं म्हणजे? मालुबाईलाही भीती होतीच. रात्री जेवताना तिनं नवऱ्याकडं न बघता विचारलं.

भावकूनं आमटी भुरकली. "मी काय तुझ्या बांगडीवर जगतोय व्हय? हळदीचा दोरा बांध आन उतर."

बांगडी वाढवली आणि कासार जवळ नसला, की बायका मनगटाला दोरा बांधतातच. मग बायकांना धीर आला. सकाळी मालुबाईनं साबण लावून एकेक बांगडी उतरवली, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. हात इतके हलके झाले की तिला कसंतरीच वाटलं. पण रागही तेवढाच होता.

प्रचारफेरी आली. हलगी, फटाके, गळ्यात हार, पुढं मोबाईल धरलेली पोरं. ओमकारनं पाट मांडला. साहेब पाटावर उभे राहून मोबाईलकडं बघून हसले. मालुबाई पदराखाली हात झाकून ताट घेऊन आली आणि साहेबांच्या तोंडासमोर तिनं पदर मागं सारला. दोन्ही मनगटं उघडी, नुसता पिवळा दोरा.

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. अर्ज भरायलासुद्धा मुहूर्त बघणारा माणूस तो. मोकळ्या हातांचं औक्षण म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो पाटावरून मागं सरकला.

"हे काय काकू? बांगड्या कुठं आहेत?"

"भरणारी न्हाई. तुमीच बंद केलासा न्हवं?"

"अहो, मग आपल्या माणसांकडून भरून घ्या की!"

"माझा हात कुणाच्या हातात द्यायचा, ते तुमी ठरवणार व्हय?" मालुबाईनं ताट पुढं केलं. "या. ओवाळते. लई बेस ओवाळते."

हलगी थांबली. साहेबांनी शेजारच्या पायरीकडं पाहिलं. तिथं प्रियदर्शनी ताट घेऊन उभी, हात मोकळे. पलीकडं तेच. सगळ्या गल्लीभर पिवळे दोरे. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरेना. साहेब औक्षणाशिवाय गाडीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निपाणीपर्यंत पोचला. पुढच्या गावांत त्यांनी औक्षणच नको म्हणून आधी निरोप धाडला म्हणे.

"माझं नाक कापलंस आये!" ओमकार ओरडला.

"टोपली लाथाडली तवा कुठं ठिवलंतास नाक?" म्हणून ती भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी ती गाडीनं लोंढ्याला गेली, नवं लुगडं नेसून, जिंकून आलेल्या मल्लासारखी. जैतुनबीच्या पुढ्यात बसून तिनं सगळं रंगवून सांगितलं आणि दोन्ही हात तिच्या गुडघ्यावर ठेवले. "भर आता. तुझ्यासाठी मोकळे ठिवल्यात. चल, जत्रा आली."

जैतुनबीनं तिचा हात हातात घेतला. सवयीनं तिची बोटं मालुबाईच्या हाडांवरून फिरली.

"चांगलं केलंस मालू. जिरवलीस त्येची."

"मग?"

"मी पिंपळाखाली हुते गं त्या दिशी. साहेबाकडं बघतच नव्हते. तुझ्याकडं बघत हुते." तिनं हात उलटा करून तळवा पाहिला. "ह्याच हातानं टाळ्या वाजवल्यास न्हवं?"

मालुबाईनं बोटं मिटून घेतली.

"सगळ्याच वाजवत हुत्या आक्का…"

"व्हय. सगळ्यांचं मला काय न्हाई."

तिनं मालुबाईचे हात उचलून हळूच तिच्याच मांडीवर परत ठेवले. टोपलीवर फडकं ओढलं. "च्या पी. गाडीची येळ हुईल."

जत्रेला गावच्या बायका बेळगावात शहापूरला जाऊन बांगड्या भरून आल्या. मालुबाई गेली नाही. देवीला ओवाळायला तिचं नाव पुकारलं, तेव्हा तिनं ताट प्रियदर्शनीच्या हातात दिलं आणि ती मागं जाऊन उभी राहिली. आरती सुरू झाली. सारा गाव टाळ्या वाजवत होता. मालुबाईचे हात तेवढे पदराखाली होते.