थेट बसच्या पानावर

"अगं, बस कुठे आहे? हा फोन नुसतं नॉट फाउंड म्हणतोय!" आबा बस स्टॉपवरून फोनवर ओरडत होते.

आबा म्हणजे माझे सासरे, नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलेले. सोबत माझी लेक रिया. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, बर्फामुळे शाळेच्या बसेस लेट, आणि गाडी नवरा घेऊन गेलेला. बस कुठवर आली ते दाखवणारं ॲप मीच लिहिलेलं. कालच लाइव्ह केलं होतं.

"घरी या परत," मी म्हटलं.

"आणि तेवढ्यात बस आली तर? हिची आज टेस्ट आहे."

लगेच माझा मॅनेजर विवेक लाइनवर. "शाळेतून फोन आलाय. मेसेजमधली लिंक एकाही पेरेंटची उघडत नाहीये. रोलबॅक करून टाक, यार."

रोलबॅक म्हणजे जुनी आवृत्ती परत लावणं. जुनीत बस दिसायचीच नाही.

"जरा थांब," मी म्हटलं.

माझ्या मशीनवर सगळं झकास चालत होतं. मग लक्षात आलं, मी होम पेजवरून क्लिक करत बसच्या पानावर जात होते. आमची अख्खी टीम तसंच टेस्ट करायची. पालक मात्र मेसेजमधून थेट आतल्या पानावर उतरत होते.

अशा ॲपमध्ये खरी फाइल एकच असते, इंडेक्स. बाकीची पानं ॲप स्वतः रंगवतं. त्यालाच राउटिंग म्हणतात. डेव्हलपमेंटचा, म्हणजे आमच्या मशीनवरचा सर्व्हर हे जाणतो आणि कुठलाही पत्ता मागितला तरी इंडेक्स देतो. प्रॉडक्शनचा, म्हणजे पालकांना ॲप पुरवणारा सर्व्हर मात्र 'बस' नावाचं फोल्डर शोधत बसला होता. तोच नियम मी त्याला शिकवला.

आता पान उघडलं, पण पांढरंफटक.

"अजून काय?" विवेक वैतागला.

"पान रंगवणाऱ्या स्क्रिप्टचा पत्ता अर्धवट आहे. होम पेजवरून बरोबर लागतो. बसच्या पानावरून ब्राउझर तो बसच्याच फोल्डरमध्ये शोधतो."

"मग प्रॉडक्शनचा पूर्ण पत्ता कोडमध्ये ठोकून दे."

"मग आपल्या मशीनवरही प्रॉडक्शनच्याच फाइली येतील. उद्या पुन्हा हाच गोंधळ. मी नाही करणार."

मूळ पत्ता मी सेटिंगमध्ये टाकला. डेव्हलपमेंटला वेगळा, प्रॉडक्शनला वेगळा. कोड एकच. डिप्लॉय करून ते पालकांपर्यंत पोचवलं आणि आबांना फोन लावला.

"दिसली!" ते म्हणाले. "अजून हायवेच्या पलीकडे आहे. आम्ही घरी येतो, चहा टाक."

रियाचे गाल लाल झाले होते. दोघं शेकून, चहा-दूध पिऊन पुन्हा निघाले आणि बस त्यांच्यासमोर येऊन थांबली. खिडकीतून ते पाहताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला. का वाटू नये?

आता रिलीजआधी आमच्याकडे होम पेजवरून आत जायला बंदी आहे. थेट आतल्या पानावर उतरायचं आणि तिथेच रिफ्रेश मारायचं.

आबा स्टॉपवर येईल त्याला सांगतात, "ॲप माझ्या सुनेचं आहे." त्या सकाळी ते उघडत नव्हतं, एवढं मात्र गाळतात.