दिब्बाच्या मालेहचे काय झाले

रज्जाकने मला फसवले. तो माझा सख्खा चुलतभाऊ, आणि त्याने माझ्याबरोबर दिब्बाच्या एका म्हाताऱ्यालाही फसवले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी त्या गावाचे कौतुक करेन आणि तुम्हाला वाटेल माझा राग निवळला.

रत्नागिरीहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात पोती वाहत होतो. आज दुबईत अल कुसैसमध्ये माझे स्वतःचे सुक्या मासळीचे दुकान आहे. तिथे सगळ्यात मान मालेहला (मीठ भरून बरणीत मुरवलेला मासा, बहुधा सुरमई). तो दिब्बाचा अबू सईद करतो आणि माल आणायचे काम रज्जाकचे. दोन वर्षांपासून चव गेली. विचारले की रज्जाक म्हणे, "भाई, म्हातारा आता लक्ष देत नाही." शेवटी एका शनिवारी मीच निघालो.

गाडी माझी मुलगी सना चालवत होती. शारजाची गर्दी मागे पडली, मग वाळू, मग मसाफीचे उघडेबोडके डोंगर.

"म्हाताऱ्याला सोडत नाही," मी म्हणालो.

"अब्बा, फर्स्ट लिसन टू हिम."

तिने कधी सौदा केलेला नाही. समोरच्याला आधी हादरवायचे असते.

डोंगर संपतात तिथेच समुद्र लागतो. मध्ये खजुरांच्या बागांची पट्टी, तेवढेच दिब्बा. एवढ्याशा गावाचे तीन वाटे : एक शारजाचा, एक फुजैराचा, एक ओमानचा. पूर्वी इथले पुरुष उन्हाळ्यात पलीकडच्या किनाऱ्यावर मोती काढायला जात. तो धंदा बसला तेव्हा मासळीने गाव सावरले. वाळूवर तारल्या वाळत पडत. त्या उंटांना घालत आणि खजुरांना खत म्हणूनही. आता होड्यांवर केरळचे, बांगलादेशचे खलाशी, गावची पोरे अबू धाबीत नोकरीला, आणि सुट्टीत किनाऱ्यावर दुबईच्या गाड्या. तरी बंदरावर जाळी विणणारे दोघे-तिघे दिसले आणि मला बरे वाटले.

अबू सईदचे नाव घेताच त्यातल्या एकाने हात धरून त्याच्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या खोलीत) नेऊन बसवले. म्हातारा ताठ, जुन्या व्यापारामुळे हिंदी फर्डी. मी लगेच सुरू केले, "माल सडा हुआ, दाम पूरा?"

"पहले खाना," तो म्हणाला.

भात आला, उकडलेला मालेह, कांदा, लिंबू. पहिल्याच घासाला तीच जुनी चव. मी ओरडलोच, "यही तो! ये मुझे क्यों नहीं देते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम वो कुसैसवाला? तुमने तो बोला, अबू सईद का मच्छी बदबू मारता है."

"किसने कहा?"

"तुम्हारा भाई. दो साल हुआ. बोला, सब फेंक दिया."

म्हणजे रज्जाक कुठल्यातरी कारखान्यातला स्वस्त मासा माझ्या बरण्यांत भरत होता. आणि म्हाताऱ्याने पुन्हा माझ्याकडे चौकशी करू नये म्हणून माझ्या नावाने अपमान करून त्याचे तोंडच बंद केले होते.

"ये आखिरी बरनी है," अबू सईद म्हणाला. "उसके बाद नमक नहीं डाला. किसके लिए? बेटे लोग बर्गर खाता है."

सना हसली. तोही हसला. मला हसू आले नाही. "इस मौसम में बनाओ," मी म्हणालो. "जो भाव बोलोगे, दूँगा." असे मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नाही.

"खलास, हबीबी. भाव का बात नहीं. जिसने बोला, वो इधर बैठ के बोले. फिर हम बरनी के लिए नमक निकालेगा."

परतीच्या वाटेवर डोंगर लालसर झाले होते. दोन वर्षे मी त्या माणसाला मनात शिव्या घातल्या, पण दोन तासांच्या वाटेवर एकदाही स्वतः गेलो नाही. ही माझी चूक, आणि ती मी त्याच्यासमोर कबूल करून आलो.

आता रज्जाकची पाळी. तो माझा फोन घेत नाही, म्हणून इथे लिहितो. सुरमईचा मौसम तोंडावर आला आहे. त्याआधी त्याने दिब्बाला जावे, त्या मजलिसमध्ये बसावे, म्हाताऱ्याच्या हातचे जेवावे, आणि मग त्याच्या डोळ्यांत बघून सांगावे : वास कशाला येत होता?