झुंबरबाईचा दुसरा जन्म

जेलमध्ये क्षयानं पडली तेव्हा झुंबरबाईला आजारी कैद्यांच्या खोलीत हलवलं, आणि तिचं घरचं लुगडं गाठोड्यात बांधून आष्टीला भावाकडे, कचरूकडे धाडून दिलं. तिथंच घोळ झाला. माणूस गेल्याशिवाय त्याचे कपडे परत येत नसतात, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. कचरूनं कपाळ बडवून घेतलं आणि शहागडला गोदावरीवर जाऊन बहिणीचा दहावा उरकला.

मारकुट्या नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला म्हणून पाच वर्षं भोगून ही मेलेली झुंबरबाई सुटली. जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बजावलं, "दर मंगळवारी सुई घ्यायची. एकही चुकवायची नाही. आणि डोक्यावर छप्पर पाहिजे, बाई." छप्पर काय झाडाला लागतं? जेलातून आलेली म्हटल्यावर धर्मशाळेनंही हात झटकले. तीन मंगळवार तिनं स्टेशनाबाहेर चिंचेखाली राहून सुया घेतल्या. ताप काही उतरेना. शेवटी परतूरची गाडी धरली आणि तिथून आष्टीला भावाचं दार गाठलं.

कचरू तिला पाहून ओक्साबोक्शी रडला, पण आत घेईना. दहावा झालेलं माणूस उंबरा ओलांडणार कसं? भावकीतल्या म्हाताऱ्या रखमाजींनी वाट काढली.

"तिला नव्यानं जन्माला घाला. बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीत ठिवा, बाराव्याला नाव ठिवा. मंग ती तुमचीच."

भावजय दुर्गाबाईनं तिला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, बोटानं मध चाटवला. चाळिशीच्या बाईला! हसावं की रडावं? झुंबरबाई मात्र सुखावली. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या अंगावर मायेनं पांघरूण घातलं होतं.

पाचव्या दिवशी मंगळवार आला.

"कचरू, मला सुईला जायचंय रे."

"आक्का, तान्ह्या लेकराला वेशीबाहेर नेत न्हाईत. सारं मोडंल, अन् पुन्हा कोणी मानायचं न्हाई. आठ दिवस कळ काढ."

डॉक्टरचं बजावणं तिला पाठ होतं. पण आज उठून गेले तर परतायला दार उरणार नाही, हेही तिला कळत होतं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. राग येतो तो याचाच, की त्या घरात दुष्ट एकही नव्हता.

नवव्या दिवशी खोकल्यातून रक्त पडलं. बाराव्या दिवशी बायकांनी तिला दोन्हीकडून धरून बसवलं आणि कानात नवं नाव सांगितलं, नंदा. घुगऱ्या वाटून होताच कचरूनं बैल जुंपले. पुन्हा मंगळवारच होता. परतूरहून रेल्वेनं तो तिला दिवस मावळायच्या आत जालन्याला घेऊन आला.

डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सुई न भरताच हात धुतले.

"मागं राहायला जागा नाही म्हणत होती. आता आहे?"

"हाय की, साहेब," कचरू छाती फुगवून म्हणाला. "अगदी रीतीनं घेतलीय तिला आमच्यात. आता घर हाय तिला."

"मग घरी न्या," डॉक्टर म्हणाला.