डायरेक्ट केलेली बॅटरी

आमच्याकडे कुठल्याही यंत्राला सुरक्षेसाठी म्हणून जे बसवलेलं असतं, ते आधी काढून टाकतात. फ्यूज उडाला की त्यात जाड तार कोंबायची. स्टार्टर सारखा पडायला लागला की मोटर डायरेक्ट करायची, म्हणजे स्टार्टर वगळून थेट लाईनला जोडायची. मग मोटर जळाली की वायरमनला शिव्या घालायच्या. या कामात आमच्या गावाचा हात धरणारं कुणी नाही.

वडिलांची फुप्फुसं कामातून गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालतं, आणि घोडेगावच्या वर, आमच्या डोंगराकडच्या गावात वीज पाहुणीसारखी येते. छपरावर सोलरची पॅनेलं होती, पण त्यांचा उपयोग ऊन असेपर्यंत. म्हणून मी लिथियमचे चार सेल मागवले. मोबाईलवर बघून बघून ते सारख्या पातळीला चार्ज केले, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडले, लाकडी पेटीत बसवले. सोबत एक छोटा बोर्ड लावला. बॅटरी फार उतरली की हा बोर्ड ती बंद करतो, नाहीतर सेल कायमचे मरतात.

लोक बघायला यायचे. "एवढ्याशा डब्यावर काय चालणार राव?" म्हणून हसायचे. पण एकदा रात्रभर लाईट नव्हती आणि मशीन सकाळपर्यंत चालू राहिलं. वडील म्हणाले, "झोप लागली गड्या." मला तेवढं पुरे होतं.

मग चुलतभावाच्या मुलीची हळद आली. त्याच्या पिकअपवरच्या साउंडची बॅटरी ऐन वेळी बसली आणि चुलतभाऊ माझ्या दारात उभा राहिला. मी सरळ नाही म्हणालो. वडिलांनी खाटेवरून हात केला.

"दे त्याला. भावकीत नाय म्हणायचं न्हाई. उद्या मला खांदा द्यायला हीच माणसं येणार हायती."

"आणि तुमचं मशीन?"

"आज लाईट हाय की."

बोर्डाला हात लावायचा नाही, एवढं मी चुलतभावाला दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी परत आली, झाकणावर हळदीची बोटं उमटलेली. उघडली तर बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड वायर टाकलेली आणि चारही सेल फुगलेले.

"ती सारखी बंद पडत व्हती," चुलतभाऊ म्हणाला. "पोरं रंगात आली की बंद. मग साउंडवाल्यानं डायरेक्ट केली. लई भारी वाजली राव, पार शेवटपर्यंत."

हे तो कौतुकानं सांगत होता. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. वडील म्हणाले, "जाऊ दे, लग्नघर हाय." मी पेटीचं झाकण लावलं.

नवे सेल मागवले. ते यायच्या आत वादळ झालं आणि विजेचे खांब आडवे झाले. तोवर भागावं म्हणून भाड्यानं आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला. पॅनेलं छपरावर होतीच, पण ऊन नसताना बॅटरीवाचून ती काय कामाची. वडिलांना घोडेगावच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. जवळ गाडी एकच, चुलतभावाची पिकअप. तिच्यावरचे स्पीकर आधी उतरवावे लागले. नट गंजले होते. घोडेगाव यायच्या आतच वडील गेले.

खांदा द्यायला चुलतभाऊ सगळ्यांच्या पुढे होता. रडला तो खूप. ते रडणं खोटं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. खोटं असतं तर मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

दहाव्याला नदीवर प्रवचन होतं. माईक बंद पडू नये म्हणून चुलतभावानं जनरेटर आणला, न सांगता, स्वतःहून. माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "लाईटीचं टेन्शन घेऊ नको भाऊ. आज कायबी बंद पडायचं न्हाई."

मी मान हलवली. भावकीत नाही म्हणायचं नसतं.